खानदेशात मोबाइल वर्कस्टेशन: कोटेशनपासून पहिल्या उन्हाळ्यापर्यंत

महाग लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अगदी तळाशी एक ओळ असते आणि ती सहसा कुणी वाचत नाही: चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस. काही कंपन्या ४० लिहितात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो. पत्र्याच्या शेडखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत दुपारी चार वाजता ४० अंश असले तर इथे कुणाला नवल वाटत नाही. म्हणजे दोन-अडीच लाखांचं मशीन वर्षातले दोन-तीन महिने कंपनीनेच आखलेल्या मर्यादेबाहेर चालणार. म्हणून आपल्याकडे निवडीचा क्रम वेगळा ठेवावा लागतो. आधी कूलिंग, मग रॅम, मग घरपोच सर्व्हिस, आणि प्रोसेसरचं नाव त्यानंतर.

अशा जड कामाच्या ताकदवान लॅपटॉपला मोबाइल वर्कस्टेशन म्हणतात. हा लेख पहिल्यांदाच अशा मशीनवर पैसे घालणाऱ्यांसाठी आहे: ठिबकचे लेआउट काढणारे, पाइप-फिटिंगचे मोल्ड डिझाइन करणारे, ड्रोन सर्व्हेवाले, रेव्हिटवर (इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरवर) काम करणारे सिव्हिल इंजिनिअर, आणि लग्नाचे किंवा अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करणारे.

आधी सध्याच्या कॉम्प्युटरवर मोजा

दुकानात जायच्या आधी आहे त्याच कॉम्प्युटरवर तुमची सगळ्यात जड फाइल उघडा. मोठी असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल), पूर्ण इमारतीचं मॉडेल, गाण्याची टाइमलाइन, जे काही रोजचं दुखणं असेल ते. नेहमीप्रमाणे अर्धा तास काम करा आणि टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब उघडून तीन आकडे लिहून घ्या.

पहिला, मेमरीखालचा ‘कमिटेड’. तो बसवलेल्या रॅमच्या पुढे गेला असेल तर विंडोज बहुधा डिस्कवर उसनवारी करतंय आणि तुमचा वेळ तिथे जातोय. दुसरा, जीपीयूखालची (ग्राफिक्स चिपखालची) ‘डेडिकेटेड’ मेमरी, म्हणजे व्हीरॅम. ती काठोकाठ भरत असेल तर जास्त व्हीरॅमचं कार्ड हवं. तिसरा, सीपीयू. ग्राफवर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवायला सांगा. एकच कोअर शंभर टक्के आणि बाकीचे निवांत, असं दिसलं तर चोवीस कोअर घेऊन काही हाती लागणार नाही. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्समधलं मॉडेलिंग बहुतांशी असंच एका कोअरवर चालतं. सगळे कोअर कामाला लागतात ते रेंडरिंगमध्ये, सिम्युलेशनमध्ये आणि ड्रोनचे फोटो जोडताना.

रेव्हिटवाल्यांसाठी एक जुना अंदाज अजून कामाचा आहे: डिस्कवरच्या फाइलच्या साधारण वीसपट रॅम लागू शकते. ५०० एमबीचं मॉडेल म्हणजे एकट्या रेव्हिटला १० जीबी. वर क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप आणि दोन पीडीएफ आल्याच.

वर्कस्टेशनच हवं का?

हा प्रश्न विकणारा तुम्हाला विचारणार नाही. डेलची प्रिसिजन (२०२५ मध्ये हिचं नाव डेल प्रो मॅक्स झालं), एचपीची झेडबुक आणि लेनोवोची थिंकपॅड पी या तीन मुख्य मालिका. यांचे जादा पैसे जातात ते प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड, सॉफ्टवेअर कंपन्यांनी तपासून दिलेलं प्रमाणपत्र, चांगली बांधणी आणि सर्व्हिस यांसाठी. सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया किंवा एनएक्स हे पोटापाण्याचं सॉफ्टवेअर असेल तर ते पैसे वसूल होतात. प्रमाणित कार्ड नसेल तर सॉलिडवर्क्समध्ये रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) मिळत नाही, कडा चुकीच्या दिसतात, सिलेक्शन अडकतं, आणि तक्रार केली की सपोर्टवाले आधी कार्डाचं नाव विचारतात.

पण दाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंग), ब्लेंडर (थ्रीडी), मेटाशेप (ड्रोनचे फोटो जोडणं), ऑटोकॅड यांना हे बंधन जाचत नाही. व्हिडिओवाल्यांनी सरळ जाड बांध्याचा, एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डाचा गेमिंग लॅपटॉप घ्यावा, त्यावर एनव्हिडियाचाच व्हिडिओकामासाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर टाकावा आणि वाचलेल्या पैशात चांगला मॉनिटर घ्यावा. आणि मशीन टेबलावरून हलणारच नसेल तर टॉवर डेस्कटॉप घ्या. तेवढ्याच पैशात वेगही जास्त मिळतो आणि मे महिन्यात तो शांतही राहतो. मोबाइल वर्कस्टेशन त्याच्यासाठी, ज्याला आज एमआयडीसी, उद्या साक्रीची सोलर साइट आणि परवा पुण्याच्या क्लायंटचं ऑफिस गाठायचंय.

जाड की पातळ

१६ इंचात दोन घराणी असतात. पातळ मशीन दोन किलोच्या आसपास, जाड मशीन पावणेतीन-तीन किलो, वर अडॅप्टरचा भार वेगळा. शोरूममध्ये पातळ मशीन मन मोहून घेतं. पण एकच ग्राफिक्स चिप वेगवेगळ्या मशीनमध्ये वेगवेगळ्या वॉटवर चालवलेली असते. पातळ मशीनमधली वरच्या नावाची पण कमी वॉटची चिप जाड मशीनमधल्या खालच्या नावाच्या चिपमागे पडू शकते. म्हणून माहितीपत्रकात ‘टीजीपी’ म्हणजे चिपला मिळणारे वॉट शोधा. सापडत नसतील तर विक्रेत्याकडून लेखी मागा. खानदेशच्या उन्हात दिवसभर रेंडर लावायचं असेल तर जाड मशीनला पर्याय नाही.

प्रोसेसरमध्ये इंटेलची ‘एचएक्स’ अक्षरं असलेली मालिका जाड मशीनसाठी, ‘एच’ पातळसाठी. ‘यू’ अक्षर दिसलं तर ते ऑफिसकामाचं मशीन आहे, वर्कस्टेशनचं स्टिकर असलं तरी. कोअर अल्ट्रा ९ आणि ७ मध्ये अडलात तर ७ घ्या आणि उरलेला पैसा रॅममध्ये घाला. गरम खोलीत दोघांचा वेग जवळजवळ येतो, कारण दोघांनाही उष्णताच अडवते.

ग्राफिक्स आणि रॅम

एनव्हिडियाच्या प्रोफेशनल लॅपटॉप कार्डांची ब्लॅकवेल पिढी २०२५ मध्ये आली. तिच्यात आरटीएक्स प्रो १००० आणि २००० मध्ये ८ जीबी व्हीरॅम, ३००० मध्ये १२, ४००० मध्ये १६ आणि ५००० मध्ये २४ जीबी आहे. आधीच्या एडा पिढीत २००० आणि ३००० दोन्हींना ८ जीबी, ३५०० आणि ४००० ला १२, तर ५००० ला १६ जीबी. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, पिढीही विचारा.

मोल्ड डिझाइन आणि काही शे पार्टच्या असेंब्लीला ८ जीबी पुरतात. लुमियन, एन्स्केपसारखं चालतं-फिरतं दृश्य दाखवायचं असेल किंवा फोर-केमध्ये नॉइज रिडक्शन लावायचं असेल तर १२ पासून सुरुवात करा. व्हिडिओवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट: आजचे बरेच कॅमेरे एच.२६५ मध्ये १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फूटेज देतात. ते फूटेज एनव्हिडियाच्या ब्लॅकवेलआधीच्या चिपा हार्डवेअरने उलगडू शकत नाहीत. इंटेलचं आतलं ग्राफिक्स मात्र अकराव्या पिढीपासून ते करतं. त्यामुळे जुन्या पिढीचं कार्ड स्वस्तात मिळालं तर प्रोसेसर इंटेलचाच बघा.

रॅमचं गणित असं: ऑटोकॅड आणि छोट्या रेव्हिट मॉडेलला ३२ जीबी, मोठी असेंब्ली किंवा पूर्ण इमारतीला ६४, हजारभर ड्रोन फोटोंच्या सर्व्हेला किंवा सिम्युलेशनला १२८. नेहमी दोन स्टिक. एकच ६४ ची स्टिक लावून दिली तर मेमरीचा अर्धाच रस्ता उघडा राहतो. चार स्लॉटच्या मशीनमध्ये चारही भरले की रॅमचा वेग खाली उतरतो, हा दोष नाही, रचनाच तशी आहे. आज ६४ हवी आणि पुढे वाढवायची असेल तर ३२ च्या दोन घ्या, १६ च्या चार नकोत.

रॅम नंतर बाहेरून टाकायचा विचार असेल तर आधी तीन गोष्टी बघा. ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे का? साध्या स्टिकऐवजी सीएएमएम प्रकारचं चपटं मॉड्यूल आहे का? ते बाजारात सहज मिळत नाही. आणि मोकळे स्लॉट तळाशी आहेत की कीबोर्डखाली? कीबोर्डखाली असतील तर ते कंपनीतूनच भरून घेतलेले बरे.

कोटेशनची ओळ

अशी मशीन गोलाणी मार्केटच्या शोकेसमध्ये क्वचित दिसतात, बहुतेक ऑर्डरनेच येतात. अधिकृत पार्टनरकडून तुमच्या फर्मच्या नावाने ‘डील रजिस्ट्रेशन’ (खरेदीची कंपनीकडे नोंद) करून घ्या. छापील किमतीत आणि त्या भावात चांगला फरक पडतो. कोटेशन साधारण असं येतं: “१६ इंच, कोअर अल्ट्रा ७, ६४ जीबी, १ टीबी, ८ जीबी ग्राफिक्स, ३ वर्षं वॉरंटी.” या एका ओळीत बरंच काही लपलंय. ग्राफिक्सचं पूर्ण नाव, पिढी आणि वॉट. ६४ म्हणजे ३२ च्या दोन की ६४ ची एक. स्क्रीन किती निट्सची (निट्स म्हणजे उजळपणाचं माप) आणि रंग किती टक्के. अडॅप्टर किती वॉटचा. बॅटरी किती वॉट-अवरची. विंडोज प्रो की होम. आणि वॉरंटी घरपोच की तुम्ही मशीन घेऊन जायचं. प्रत्येकाचं उत्तर कोटेशनवरच लिहून घ्या, पार्ट नंबरसकट.

स्क्रीनवर जास्त रेंगाळायला नको. ४०० निट्सच्या खाली साइटवर काहीच दिसत नाही. कॅडला (ऑटोकॅड, सॉलिडवर्क्ससारख्या डिझाइनकामाला) २५६० बाय १६०० पुरे, फोर-केवर काही जुन्या सॉफ्टवेअरचे आयकॉन मुंगीएवढे होतात. ओलेडचे रंग देखणे, पण कॅडचे टूलबार वर्षानुवर्षं एकाच जागी असतात आणि त्यांचा डाग पॅनलवर उमटू शकतो. ओलेड व्हिडिओवाल्यांना शोभतं.

वॉरंटीबाबत मात्र घासाघीस करा. ‘दुसऱ्या दिवशी घरपोच’ हे शब्द पिनकोडवर अवलंबून असतात. जळगाव-धुळे शहरात जे मिळतं ते शहादा, चोपडा, धडगावला मिळेलच असं नाही. आपला पिनकोड देऊन ईमेलवर उत्तर घ्या. तीन वर्षांच्या वॉरंटीतही बॅटरीला बहुधा एकच वर्ष असतं, तेही विचारा. बिल जीएसटी नंबरवर घ्या. १८ टक्के कर आहे आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याचं क्रेडिट मिळतं.

एसएसडी कंपनीची एक १ टीबी पुरे, दुसरी नंतर स्वतः बसवता येते. मात्र दुसरा स्लॉट २२८० मापाचा (८० मिमी लांब) आहे का बघा, काही मशीनमध्ये तो आखूड असतो. मोठा हीटसिंक लावलेली एसएसडी झाकणाखाली मावत नाही. आणि स्क्रू! रिकाम्या स्लॉटवर तो बऱ्याचदा नसतोच, एसएसडी मागवतानाच मागवा.

वीज, अर्थिंग, इन्व्हर्टर

अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे स्टॅबिलायझरचा खर्च नको. खरं दुखणं अर्थिंगचं. धातूच्या बॉडीवर हात ठेवल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थ तुटलाय किंवा कुणीतरी तीन पिनला दोन पिनचा कन्व्हर्टर लावलाय. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे इलेक्ट्रिशियनला बोलवा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. मार्चपासून त्यात अधूनमधून पाणी टाकलं तरी बराच फरक पडतो.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर मोठे अडॅप्टर गुणगुणतात आणि तापतात. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर, त्यातले हाती लागतात साधारण ११००. कामात लॅपटॉप सरासरी २०० वॉट, मॉनिटर ४० आणि राउटर १५ धरला तर नव्या बॅटरीवर चार तास निघतात. लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर रेंडर लावू नका. ती कितीही मोठी असली तरी मशीन आपणहून वॉट खाली आणतं आणि तासाचं काम तीन तासांवर जातं. टाइप-सी डॉकच्या १०० वॉटवर जड काम लावलं तर चार्जिंगची खूण दिसत असतानाच बॅटरी उतरत जाते. सोबत आलेला २३० वॉटचा अडॅप्टर असेल तर कामाला तोच.

मशीन आल्यावर

१. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, मशीनच्या तळावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळवा. कंपनीच्या साइटवर तो टाकून वॉरंटीची मुदत आणि प्रकार बघा. काही जुळत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.

२. विंडोज सुरू झाल्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की शोधा आणि कागदावर छापून ठेवा. पुढे बायोस (मशीन सुरू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर मशीन हा ४८ आकडी क्रमांक मागू शकतं आणि तो नसेल तर डेटा गेलाच समजा.

३. कंपनीच्या अ‍ॅपमधून बायोस अपडेट करा, अडॅप्टर लावून आणि बॅटरी निम्म्याहून जास्त असताना. लाइट जाण्याच्या वेळेला हे काम काढू नका.

४. बायोसमधल्या स्टोरेजच्या ‘व्हीएमडी’ किंवा ‘रेड’ सेटिंगला हात लावू नका. विंडोज बसलेलं असताना ते बदललं की निळी स्क्रीन येते. पुढे कधी कोरं विंडोज टाकताना एसएसडी दिसली नाही तर ती बिघडलेली नसते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यायचा असतो.

५. ग्राफिक्स ड्रायव्हर सगळ्यात नवा नको, तुमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला प्रमाणित असलेला हवा. तो सॉफ्टवेअर कंपनीच्या हार्डवेअर यादीत मिळतो. टाकताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण करा. विंडोज अपडेट नंतर गुपचूप दुसरा ड्रायव्हर टाकतं, म्हणून एखाद्या सकाळी सॉलिडवर्क्स अचानक अडखळायला लागलं तर आधी ड्रायव्हरची आवृत्ती बघा.

६. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये तुमच्या सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून द्या. नाहीतर सव्वा लाखाचं कार्ड झोपलेलं आणि आतलं ग्राफिक्स राबतंय, असं होतं. सॉलिडवर्क्सच्या पर्यायांमध्ये ‘सॉफ्टवेअर ओपनजीएल’ची खूण काढलेली हवी. बायोसमध्ये फक्त मोठ्या कार्डावर चालण्याचा पर्याय असतो. कॅडसाठी तो उत्तम, पण त्याने इंटेलचं ग्राफिक्स बंद पडतं आणि वर सांगितलेली फूटेजची सोय जाते. व्हिडिओवाल्यांनी हायब्रिडच, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवावं.

७. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर स्वतःकडे ओढून घेतं. चालू प्रोजेक्ट त्यात ठेवला तर प्रत्येक सेव्हला शेकडो एमबी वर चढायला लागतात आणि असेंब्लीच्या फाइली लॉक होतात. प्रोजेक्ट दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, बॅकअप रात्री बाहेरच्या डिस्कवर घ्या.

८. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा. सतत प्लगला लागलेली आणि तापलेली बॅटरी पूर्ण भरलेली ठेवली की लवकर फुगते.

९. झाकण बंद केल्यावर ‘स्लीप’ नको, ‘हायबरनेट’ करा. स्लीपमधलं मशीन बॅगेत आपोआप जागं होतं. एसटीच्या रॅकवर, उन्हात, बंद बॅगेत ते किती तापत असेल याचा अंदाज धुळ्याला उतरल्यावर येतो.

रॅम स्वतः टाकली असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. डीडीआर५ मेमरी जुळवून घेत असते. घाबरून पॉवर बटण दाबू नका.

पहिल्याच आठवड्यात ताणून बघा

परत करायची मुदत असतानाच ही परीक्षा घ्या, आणि दुपारी घ्या. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, सिनेबेंचची (वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची) सगळ्या कोअरची चाचणी अर्धा तास फिरवा. नंतर तुमची स्वतःची जड फाइल रेंडरला लावा. एचएक्स प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत जातो, त्याने दचकू नका, तो तसाच बनवलेला आहे. बघायचं ते वेग टिकतो का. पहिल्या मिनिटातला आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा यांत १०-१५ टक्के फरक चालतो. निम्म्यावर आला किंवा मशीन बंदच पडलं तर पंखा, चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट किंवा अडॅप्टर यांपैकी काहीतरी चुकलंय. नोंदीचा फोटो काढून तक्रार करा.

मे महिन्यासाठी एक युक्ती: पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केलं की टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. वेग कमी होतो, पण तापमान झपकन उतरतं आणि रात्रभराचं रेंडर मध्येच पडत नाही. काही मशीनवर ही ओळ दिसत नाही, तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला शांत मोड वापरा. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचलली तरी काही अंश कमी होतात. कूलरसमोर मात्र ठेवू नका. वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्यातून येणाऱ्या हवेत बारीक तुषार असतात, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार पंख्याच्या पात्यांवर बसतो. कूलरचा झोत खोलीत फिरू द्या, मशीनवर नको. बसायच्या जागेची निवड असेल तर गावाकडच्या धाब्याच्या घरातली खोली शहरातल्या स्लॅबपेक्षा केव्हाही सरस.

सफाई

जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हवेत कापसाचे तंतू असतात. ते पंखा आणि तांब्याच्या पाकळ्यांच्या मध्ये जमून नमदा तयार होतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो आणखी घट्ट बसतो. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळ्यानंतर, तळाचं झाकण उघडून चिमट्याने तो पट्टा काढा. आधी बायोसमधून किंवा कनेक्टर काढून बॅटरीचा पुरवठा बंद करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरला तर बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नकोच, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. वॉरंटीच्या काळात झाकण उघडलेलं चालतं का ते सर्व्हिसकडून आधी विचारून घ्या. पेस्ट बदलायची वेळ आली तर आत साधी पेस्ट आहे की लिक्विड मेटल, हे माहीत असलेल्याच माणसाच्या हाती मशीन द्या. लिक्विड मेटल बोर्डावर ओघळलं तर शॉर्ट होतं.

झाकण उघडल्यावर बॅटरीकडेही नजर टाका. टचपॅड वर आलेला वाटत असेल, क्लिक अडत असेल किंवा मशीन टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलीय. तिला टोचू नका, दाबून स्क्रू आवळू नका. मशीन बंद करा, चार्जर काढा आणि नवी मूळ बॅटरी येईपर्यंत चालू करू नका.